फोन आपल्या नावावर हवा

(न्यू जर्सीत एका रविवारी कामगार आणि त्यांच्या कुटुंबांपुढे केलेलं हे बोलणं. इथे देताना थोडं नीट केलं आहे. आकडे २०२५ सालचे आहेत.)



मी वकील नाही आणि सरकारी माणूसही नाही. रत्नागिरीला पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि आता इथे साइटवर सुपरवायझर आहे. सकाळी सहाला हजेरी, मग काँक्रीटची गाडी, आणि दिवसभर कानाला फोन. आज त्या फोनबद्दलच बोलायचं आहे.

आधी एक प्रसंग सांगतो. त्यात माझाही हात आहे, म्हणून सांगणं भाग आहे.

आमच्या गँगमध्ये सांगलीकडचे एक काका होते. शटरिंगची प्लेट उतरवताना त्यांची दोन बोटं चिरडली. अपघाताचा फॉर्म मी भरला. फोन नंबरच्या रकान्यात काकांचा नंबर लिहिला. तो फोन त्यांना कंत्राटदाराने दिलेला होता. त्यांच्याकडे दुसरा नव्हताच. महिन्याभराने त्यांचं नाव हजेरीतून गेलं आणि ऑफिसमधून मला निरोप आला, की हेल्मेट आणि फोन परत आण. मी त्यांच्या खोलीवर गेलो. काकांनी काही न बोलता फोन दिला. देण्याआधी शर्टाच्या टोकाने पुसलासुद्धा.

पुढे काय झालं? डॉक्टरकडे तोच नंबर, विमेवाल्याकडे तोच, वकिलाकडे तोच. नुकसानभरपाईच्या केसची तारीख अलीकडे आली, तसा फोन त्या नंबरवर गेला आणि ऑफिसच्या कपाटात वाजत राहिला. काका जुन्या तारखेला डब्बा घेऊन हजर. केस बुडाली नाही, पण काही महिने पुढे गेली आणि तेवढे महिने ते उसनवारीवर जगले. फोन कंपनीचा होता, तो परत मागणं चूक नव्हतं. पण फोनबरोबर माणसाचा पत्ताच गेला, हे मला तेव्हा कळलं नाही.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा. मालकाचा फोन कामासाठी वापरा. डॉक्टर, बँक, वकील, मुलांची शाळा, इमिग्रेशन, या सगळ्यांना जो नंबर द्याल तो तुमच्या स्वतःच्या नावावरचा असू द्या.

आता तुम्ही म्हणाल, दर महिन्याचं बिल कोण भरणार? त्यासाठी सरकारची लाइफलाइन योजना आहे.

ती काही नवीन नाही. १९८५ पासून आहे. तेव्हा घरातल्या तारेच्या फोनसाठी होती, २००५ पासून मोबाइलसाठीही मिळू लागली आणि २०१६ पासून इंटरनेटसाठीही. कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला महिन्याला सव्वा नऊ डॉलरपर्यंत सवलत मिळते. हे पैसे तुमच्या हातात येत नाहीत, फोन कंपनीला जातात. पण बऱ्याच मोबाइल कंपन्या तेवढ्यातच पूर्ण प्लॅन देतात, म्हणून आपल्याला तो फुकट पडतो. प्लॅनमध्ये किमान १००० मिनिटं बोलणं किंवा साडेचार जीबी डेटा मिळायला हवा, असा नियम आहे. सवलत सेवेवर आहे. हँडसेट द्यायचा की नाही, ते कंपनी ठरवते. म्हणून सही करण्याआधी विचारा, सिमच मिळणार की फोनही?

काही जण म्हणतात, ती योजना बंद पडली. बंद पडली ती दुसरी. महिन्याला तीस डॉलरची इंटरनेटची सवलत होती, ती पैसे संपल्यामुळे १ जून २०२४ ला संपली. लाइफलाइन चालू आहे. आणि आपल्या न्यू जर्सीत लाइफलाइन याच नावाची वीज-गॅस बिलाची एक राज्य सरकारची योजना आहे, वयस्क आणि अपंग लोकांसाठी. तो फॉर्म वेगळा. एकाचा कागद दुसरीकडे देऊ नका.

काहींना लाज वाटते. फुकटचं कशाला, म्हणतात. मंडळी, फोनचं बिल उघडून बघा. त्यात युनिव्हर्सल सर्व्हिस नावाने एक छोटी रक्कम लावलेली असते. त्याच फंडातून ही योजना चालते. काकांनी इतकी वर्षं फोन कार्डं घेतली, प्रीपेड भरले, त्यातही ती वर्गणी गेलीच की.

आता कुणाला मिळते ते बघू. दोन रस्ते आहेत.

पहिला म्हणजे तुम्ही आधीच एखाद्या योजनेत असाल तर. मेडिकेड, स्नॅप म्हणजे फूड स्टॅम्प, एसएसआय, सरकारी घरभाड्याची मदत, माजी सैनिकांचं गरजेवरचं पेन्शन. यातलं एक असलं तरी पुरे. नुसतं विक असेल तर मात्र चालत नाही.

दुसरा रस्ता उत्पन्नाचा. सरकारने ठरवलेल्या गरिबीरेषेच्या १३५ टक्क्यांपर्यंत. एकटा माणूस असेल तर वर्षाला २१,१२८ डॉलर. दोघं असतील तर २८,५५३. तिघं असतील तर ३५,९७८. चौघं असतील तर ४३,४०३. हे टॅक्स कापण्याआधीचं उत्पन्न, हातात येणारं नव्हे.

साइटवरचं गणित करू. न्यू जर्सीत किमान वेतन ताशी १५ डॉलर ४९ सेंट. आठवड्याला चाळीस तास, वर्षभर काम, म्हणजे साधारण ३२,२०० डॉलर. एकटा माणूस असेल तर बसत नाही. पण नवरा-बायको आणि एक मूल असेल आणि कमावणारा एकच असेल, तर बसतो. म्हणजे पूर्णवेळ कष्ट करणारा माणूसही यात येतो. आपण हिशोब न करताच “आपल्याला कुठे मिळणार” म्हणून सोडून देतो.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो तो एका शब्दावर. हाउसहोल्ड. नियम असा की एका हाउसहोल्डला एकच लाइफलाइन. लोक समजतात एका पत्त्याला एक. तसं नाही. आपल्याकडे रेशन कार्डाला जशी वेगळी चूल बघतात, तसं समजा. फक्त इथे शेगडी बघत नाहीत, पैसा बघतात. उत्पन्न आणि खर्च दोन्ही एकत्र असेल तर एक हाउसहोल्ड. चार जण एका खोलीत राहतात, भाडं वाटून घेतात, पण प्रत्येकाचा पगार ज्याच्या त्याच्या खिशात, तर ती चार हाउसहोल्ड. त्या पत्त्यावर आधीच कुणाची लाइफलाइन असेल तर एक जादा फॉर्म भरावा लागतो, हाउसहोल्ड वर्कशीट. तो खरा भरा, घाबरू नका.

नवरा-बायको एकत्र राहत असतील तर ते एकच. आणि आईवडील मुलाकडे राहतात, मुलगाच सगळं चालवतो, तर तेही मुलाच्याच हाउसहोल्डमध्ये. तिथे मुलाचा पगार धरला जातो. मागच्या वर्षी एका दुकानाबाहेर तंबू लावून एक एजंट बसला होता. आपल्यातल्या एका आजोबांना तो म्हणाला, “एकटे राहता असं लिहा, लगेच फोन देतो.” आजोबांनी सही केली नाही, बरं केलं. त्या सहीच्या वर लिहिलेलं असतं, की खोटं लिहिलं तर कायद्याने शिक्षा होऊ शकते. फोन एजंटचा, पण सही तुमची.

अर्ज तीन तऱ्हांनी करता येतो. लाइफलाइन सपोर्ट डॉट ओआरजी या सरकारी साइटवर, टपालाने, किंवा फोन कंपनीमार्फत. अर्जाला फी नाही. कुणी पैसे मागितले तर उठून या. अडलं तर १-८००-२३४-९४७३ या नंबरवर विचारा.

अर्ज अडकतो तो बहुतेक नावात. आपल्या नावांचं तुम्हाला माहीतच आहे. पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, बायकोचं माहेरचं एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर, कुठे ‘दत्तात्रय’ तर कुठे ‘दत्तात्रेय’. सोशल सिक्युरिटी कार्डावर जसं आहे तसं, अक्षरन् अक्षर लिहा. सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे चार आकडे विचारतात. तो नंबर नसेल तर पासपोर्टसारखं दुसरं ओळखपत्र देण्याची सोय फॉर्मवर आहे. पत्ता राहण्याचा लिहा, पोस्ट बॉक्सचा नको. अपार्टमेंट नंबर विसरू नका.

उत्पन्नाचा पुरावा म्हणून मागच्या वर्षीचं टॅक्स रिटर्न द्या, नाहीतर सलग तीन महिन्यांच्या पे-स्टब. रोखीत पगार घेणाऱ्यांची इथेच पंचाईत होते. पे-स्टब का मागून घ्यायची, हे त्यावरून समजून घ्या.

मंजुरी आली की काम संपलं असं नाही. ९० दिवसांच्या आत कंपनी निवडून सेवा सुरू करावी लागते. फोन ३० दिवसांत एकदा तरी वापरावा लागतो. नाही वापरला तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन बंद करतात. गावी दोन महिने जाणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. आणि दरवर्षी पात्रता पुन्हा तपासतात. पत्र आलं तर उत्तराला ६० दिवस असतात. इंग्रजी पत्र बघून जाहिरात समजून फेकू नका. कुणाकडून तरी वाचून घ्या.

कंपनी आवडली नाही तर बदलता येते आणि नंबर तोच ठेवता येतो. काकांच्या बाबतीत जे झालं, ते टाळायला हे महत्त्वाचं.

ग्रीन कार्डाची भीती बऱ्याच जणांच्या मनात आहे. २०२२ च्या नियमात ‘पब्लिक चार्ज’ म्हणून मोजतात ती रोख सरकारी मदत आणि सरकारी खर्चाने संस्थेत दीर्घकाळ राहणं. फोनची सवलत त्यात येत नाही. तरीही ज्यांचा अर्ज चालू आहे त्यांनी इमिग्रेशनच्या वकिलाला आधी विचारावं. नियम बदलतात आणि मी सुपरवायझर आहे, वकील नाही.

शेवटी ताईंसाठी एक गोष्ट. इथे पुष्कळ घरांत फोनचा फॅमिली प्लॅन नवऱ्याच्या नावावर असतो. चांगलं चाललं असेल तर प्रश्न नाही. पण घरात मारहाण, धमक्या असतील, तर तो फोन तोडणं किंवा कुणाला फोन केला ते बघणं त्याच्या हातात राहतं. २०२२ मध्ये सेफ कनेक्शन्स नावाचा कायदा झाला. त्यानुसार पीडित व्यक्ती आपला नंबर त्या खात्यातून वेगळा करून मागू शकते आणि कंपनीने साधारणपणे दोन कामाच्या दिवसांत तो वेगळा करायचा असतो. पैशाची अडचण असेल तर सहा महिन्यांपर्यंत लाइफलाइन मिळू शकते, एरवीच्या अटींत बसत नसलात तरी. हे आज कुणाला लागणार नाही अशी आशा करू. पण मैत्रिणीला सांगून ठेवा.

काकांचं विचारताय? त्यांनी स्वतःच्या नावावर फोन घेतला. फॉर्म मीच भरून दिला, तेवढं माझ्याकडून लागू होतं. नवा नंबर त्यांनी डॉक्टरला, वकिलाला स्वतः जाऊन दिला. आता अपघाताचा फॉर्म भरताना मी प्रत्येकाला आधी विचारतो, “हा नंबर तुझा की कंपनीचा?”

मागच्या टेबलावर मी बसलोय. ओळखपत्र, पत्त्याचा कागद, आणि पे-स्टब किंवा मेडिकेडचं पत्र घेऊन या. चहा घ्या आधी, घाई नाही.