वाणी थांबते तेव्हा स्तवन



आपल्या होटगी जंक्शनहून गदगकडे लोहमार्ग फुटतो. त्या कन्नड मुलुखात आचार्य वादिराज होऊन गेले. चालुक्य नृपती जयसिंहाच्या काळी, शके 947 मध्ये, त्यांनी ‘पार्श्वनाथचरित’ पूर्ण केले. त्यांचे ‘एकीभाव स्तोत्र’ कुष्ठव्याधीत स्फुरले, असे परंपरा सांगते. देह निरोगी झाला का, हा श्रद्धेचा विषय. व्याधिग्रस्त देहातून काव्य जन्मावे, हेच केवढे!

परंतु इजा मेंदूलाच झाली तर? डाव्या भागास मार लागला वा पक्षाघात झाला की अनेकांची वाणी जाते. घरची मंडळी म्हणतात, ‘बुद्धीच गेली’, आणि मंदिरात नेणे थांबते. वस्तुतः समज पुष्कळदा शाबूत असते. एक शब्द न उमटणारा रुग्णही कधी पाठ असलेले स्तवन सुरात म्हणतो. स्वीडनमध्ये अठराव्या शतकातच अशा रुग्णाची नोंद झाली. तो प्रार्थनागीते स्पष्ट गात असे. 1973 साली बोस्टनच्या तज्ज्ञांनी उपचारपद्धती मांडली: ‘पाणी द्या’ यासारखे छोटे वाक्य चालीत बांधायचे, डाव्या हाताने ताल धरायचा, पुढे चाल हळूहळू सोडायची.

णमोकार आला म्हणजे बोलणे आले, असे मात्र नव्हे. पहिली धाव रुग्णालयाकडेच, तीही विनाविलंब.

सायंकाळच्या आरतीस अशा वडीलधाऱ्यांची खुर्ची पुढे असावी. पेटीवाल्यांनी लय जरा संथ धरावी.