पडदा पुसला, हिशोब नाही पुसला

आज थोडं संगणकाबद्दल बोलू.

आपल्या लेकी-सुना कॉलेजात पायथॉन ही संगणकाची भाषा शिकतात. नेदरलँड्सच्या खिडो व्हान रॉसम यांनी ती तयार केली, 1991 साली ती लोकांसमोर आली. ती फुकट मिळते, म्हणून आमच्या गटांतल्या मुली कर्जाचं व्याज तिच्यावर पडताळून बघतात.

या भाषेचं शेल म्हणजे समोरासमोरची बोलणी. आपण एक ओळ लिहायची, एंटर दाबायचं, उत्तर लगेच खाली. कर्ज 10,000, दर महिना शेकडा 1, तर व्याज 100 रुपये. पण दहा-बारा जणींचे आकडे झाले की पडदा गच्च भरतो. कुठली रक्कम कोणाची, कळत नाही.

मग पुसायचं कसं? पायथॉन 3.13 पासून नुसतं ‘क्लिअर’ लिहिलं तरी चालतं. जुन्या पायथॉनमध्ये आपणच फंक्शन करायचं. फंक्शन म्हणजे संगणकाला एकदा शिकवून ठेवलेलं काम. पहिली ओळ ‘इम्पोर्ट ओएस’. दुसऱ्या ओळीत ‘डेफ’, मग फंक्शनचं नाव, रिकामा कंस आणि एकाखाली एक दोन टिंबं. त्याच ओळीत पुढे ‘ओएस डॉट सिस्टिम’ आणि कंसात, अवतरण चिन्हांमध्ये, विंडोज असेल तर ‘सीएलएस’, लिनक्स असेल तर ‘क्लिअर’. मग दोनदा एंटर. हे शब्द इंग्रजी लहान अक्षरांत लिहायचे. फंक्शनचं नाव मात्र देवनागरीत चालतं. आम्ही ‘पुसा’ ठेवलं. ‘पुसा’ लिहून रिकामा कंस दिला, एंटर दाबलं, की पडदा कोरा! शेल बंद केलं की हे फंक्शन जातं, पुन्हा शिकवावं लागतं.

आता खरी गोष्ट ऐका. पडदा कोरा झाला म्हणजे संगणक विसरला असं नाही. पाटी पुसली तरी पाठ केलेलं डोक्यात राहतं, तसंच. मघाशी एकीसाठी दर 2 ठेवला असेल, तर पुसल्यावरही तो 2 च राहतो. दुसरीला 1 टक्का लावायचा असेल आणि दर नव्याने लिहिला नाही, तर 10,000 वर 100 ऐवजी 200 रुपये व्याज निघेल. पडदा स्वच्छ, पण बाईच्या पदराला शंभराची खार. म्हणून प्रत्येकीच्या वेळी कर्ज आणि दर, दोन्ही नव्याने लिहा.

दुसरं, वर जाणारा बाण दाबला की आधी लिहिलेल्या ओळी परत दिसतात. काही संगणकांत तर शेल बंद केल्यावरही त्या फाइलमध्ये राहतात. तेव्हा सगळ्यांच्या संगणकावर कोणाच्या कर्जाशेजारी तिचं नाव लिहू नका. नोंदवहीतला अनुक्रमांक पुरे.

पुढच्या बैठकीत मुली हिशोबाला बसल्या की एवढंच विचारा, “पोरी, पडदा पुसलास, पण दर बदललास का?”