वाटीभर तांदूळ म्हणजे किती?



"बाई, वाटीभर तांदूळ म्हणजे किती ग्रॅम हो?" गृहविज्ञान शिकवण्यात माझी हयात गेली, आणि या प्रश्नाइतका दुसरा कुठलाच प्रश्न मला कुणी विचारला नसेल. मी उलट विचारते, "कोणती वाटी?" आमटीची, लोणच्याची, की लग्नात आहेर आलेली?

आपल्याकडे धान्य जोखण्यापेक्षा मापायचीच रीत जुनी. निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. त्यातही गावोगावची पायली सारखी नसे. शेर तर वजनाचाही होता आणि मापाचाही. १९५६ साली दशमान वजनमापांचा कायदा झाला, पुढे दुकानात किलो आला. स्वयंपाकघरात मात्र वाटीच राहिली.

त्यात गैर काही नाही. तांदूळ वाटीने आणि पाणीही त्याच वाटीने घेतलं की भात बिघडत नाही. अडतं कुठे, तर जिथे हिशेब ग्रॅममध्ये लिहिलेला असतो तिथे.

शालेय पोषण आहाराचंच घ्या. पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम धान्य, असं प्रमाण ठरलेलं आहे. समजा, पहिली ते पाचवीची साठ मुलं आहेत. म्हणजे सहा किलो तांदूळ. स्वयंपाक करणाऱ्या ताई एक लिटरचा डबा घेतात आणि सहा डबे मोजून टाकतात. लिटर म्हणजे किलो, असा सरळ हिशेब. पण तो पाण्याचा हिशेब झाला. तांदळाच्या दाण्यादाण्यांत हवा असते. लिटरच्या डब्यात तांदूळ मावतो साधारण ८०० ते ८५० ग्रॅम. ८०० धरले तरी सहा डब्यांत सव्वा किलोच्या आसपास तूट, म्हणजे बारा मुलांचा वाटा! ताईंनी मूठभरही घरी नेलेला नसतो, तरी पातेलं लवकर तळाला जातं आणि महिनाअखेर पोत्यात तांदूळ उरतो. मग संशय कुणावर, ते सांगायला नको.

मधुमेहाच्या आहारतक्त्याचं तसंच. त्यात लिहिलेलं असतं, तांदूळ ३० ग्रॅम. तो कच्चा की शिजलेला, हे आधी विचारून घ्या. ३० ग्रॅम कच्च्या तांदळाचा भात ७५ ते ९० ग्रॅम भरतो. १५० मिलिलिटरच्या वाटीत कच्चा तांदूळ सुमारे १२० ग्रॅम बसतो, म्हणजे त्या माणसाला पाव वाटी पुरे. घरात "वाटीभरच तर घेतो" म्हणणाऱ्यांनी हे ऐकावं.

शिवाय भरण्याची पद्धत. डबा आपटून भरला की जास्त मावतो, आणि वर शीग ठेवली तर विचारूच नका. जुने व्यापारी घेताना शिगेने आणि देताना सपाट मोजत, अशी तक्रार उगाच नव्हती. जातीनेही थोडा फरक पडतो. बासमतीचा दाणा लांब, आंबेमोहराचा आखूड. पोह्यांना तर हा हिशेब मुळीच लावू नका, ते फार हलके. आणि राइस कुकरसोबत येणारा कप असतो १८० मिलिलिटरचा. त्यात तांदूळ साधारण १५० ग्रॅम बसतो. परदेशी पाककृतीतला कप याहून मोठा, सुमारे २४० मिलिलिटरचा.

घरात काटा नसेल तरी अडत नाही. किलोची बंद पिशवी आणा. आपल्या वाटीने, न आपटता, बोटाने वरची शीग सपाट करून मोजा. आठ वाट्या भरल्या तर तुमची वाटी १२५ ग्रॅमची, सात भरल्या तर १४३ ची. एवढं एकदाच करायचं आणि आकडा फडताळाच्या दाराला आतून चिकटवायचा. शाळेत तर त्याहून सोपं. मोठ्या डब्यात काट्यावर जोखलेला किलोभर तांदूळ ओता, सपाट करा, आणि तो जिथवर येतो तिथे रंगाची रेघ ओढा. डबा बदलला, की रेघ पुन्हा जोखूनच.