दंड भरला, नोंद राहिली



धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते उतरवून घेत होते. दोघेही त्या वेळच्या कायद्याने शिक्षा झालेले कैदी. पुढे १९७२ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांना केंद्राचे निवृत्तिवेतन सुरू झाले, तेव्हा तुरुंगवासाचा दाखलाच हक्काचा पुरावा ठरला. आजचा विषय गांजाच्या शिक्षांचा; सत्याग्रही आणि गांजाची पुडी बाळगणारा यांना मी एका पंक्तीत बसवत नाही. पण जुन्या शिक्षेच्या नोंदीला कोणता अर्थ द्यायचा, हे सरकारच्या हातात असते. आपल्या सरकारने तो एकदा बदललाही आहे.

गांजा आपल्याकडे आजही गुन्हा आहे. शिरपूरच्या सातपुड्यात पोलीस उभे पीक उपटतात, त्या बातम्या तुम्ही वाचताच. त्यामागच्या व्यापाऱ्यांना मोकळे सोडा, असे माझे म्हणणे नाही. मला बोलायचे आहे ते गांजा ओढताना सापडलेल्या मुलाबद्दल.

असा एक पावरा आदिवासी मुलगा माझा अशील होता. ‘कबूल कर, दंड भर, घरी जा,’ हे त्याला मीच सांगितले. दुपारपर्यंत तो सुटला. काही वर्षांनी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत ती नोंद निघाली आणि तो पुन्हा माझ्या ओट्यावर येऊन बसला. त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते.

कायदा सौम्य झाला की जुनी माणसे आपोआप सुटतात, हा समज चुकीचा आहे. २००१ आधी गांजा जवळ बाळगल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकत होती. त्या वर्षीच्या २ ऑक्टोबरपासून एक किलोपर्यंतच्या गांजाला कमाल सहा महिने झाले. २०१४ मध्ये त्याचे एक वर्ष केले. २००१ ची सवलत चालू खटल्यांना मिळाली, अपिलात असलेल्यांना नाही. बशीर विरुद्ध केरळ राज्य या २००४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही ती रेषा मान्य केली. म्हणजे एकाच दिवशी पकडलेल्या दोघांपैकी ज्याचा निकाल सप्टेंबरात लागला तो जुन्या कायद्यात अडकला, नोव्हेंबरवाला नव्यात आला. मला हे तेव्हाही पटले नाही, आजही पटत नाही.

उद्या संसदेने हा गुन्हाच रद्द केला, तरी १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचे कलम ६ जुनी शिक्षा जिवंत ठेवील. नोंद पुसायची असेल तर नव्या कायद्यातच तसे स्पष्ट लिहावे लागेल. कॅनडाने २०१८ मध्ये गांजा खुला केला आणि पुढच्या वर्षी नोंद बाजूला ठेवण्यासाठी मोफत अर्जाची सोय केली. पण कोर्टाचे, पोलिसांचे कागद गोळा करायचे ज्याचे त्याने. त्यामुळे अर्ज फार थोडे आले. कॅलिफोर्नियाने २०१८ च्या कायद्याने जुनी प्रकरणे शोधण्याचे काम सरकारवरच टाकले. पाड्यावरचा माणूस नकलेसाठी धुळ्याला किती हेलपाटे घालील? आपल्याला कॅलिफोर्नियाचीच वाट हवी.

ती वाट होईल तेव्हा होईल. एक गोष्ट मात्र आजच हातात आहे. अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याच्या कलम ३३ ने प्रोबेशनचे, म्हणजे चांगल्या वर्तनाच्या हमीवर सुटण्याचे, दार बहुतेकांना बंद केले, पण कलम २७ च्या, म्हणजे सेवनाच्या, आरोपीला ते उघडे ठेवले. १९५८ च्या प्रोबेशन कायद्याचे कलम १२ सांगते की अशा प्रकारे सोडलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. त्या पावरा मुलासाठी मी प्रोबेशनचा अर्ज केला नाही. दंड स्वस्त वाटला, तारीख वाचली.

वकील बंधू-भगिनींनो, तुम्हाला माझी हात जोडून विनंती आहे. सेवनाच्या खटल्यात अशिलाला कबुलीवर सही करायला सांगण्याआधी प्रोबेशनचा अर्ज लिहा, आणि कलम १२ त्याला त्याच्या बोलीत समजावून सांगा.