अपघाताची भरपाई : टक्केवारी देऊ नका

आज आपण रस्ता अपघाताच्या नुकसानभरपाईबद्दल बोलणार आहोत. गटांच्या बैठकीत आम्हाला एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू येते. घरचं माणूस अजून दवाखान्यात असतं, तोच कुणी अनोळखी येतो आणि म्हणतो, "ताई, इथं सही करा. खर्च आमचा. पैसे आले की आम्हाला २० टक्के द्या." घाबरलेल्या बाईला तेव्हा तोच आधार वाटतो.

पण हिशेब करा. समजा, ८ लाख मंजूर झाले. त्यातले १ लाख ६० हजार तिथंच गेले. मुलांच्या शिक्षणाचे, औषधपाण्याचे पैसे ते. मुळात बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाला भरपाईत वाटा ठरवता येत नाही. ठरलेली फी घ्यावी, पावती द्यावी.

फी द्यायलाही पैसे नसतील तर? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं कोणत्याही महिलेला वकील मोफत मिळतो. तिला उत्पन्नाची अट नाही. लहान मुलं, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांनाही हा हक्क आहे. जखमी पुरुषाचा दावा त्याच्याच नावानं होतो. तो यांपैकी कशात बसत नसेल, तर त्याचं उत्पन्न बघतात.

तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, जिल्हा कोर्टात प्राधिकरण. तिथं अर्ज द्या, किंवा १५१०० या नंबरवर फोन करा. कोर्ट फी आणि कागदपत्रांचा खर्चही त्यात येतो. तिथून दिलेल्या वकिलानं पैसे मागितले, तर तिथंच तक्रार करा.

दावा आपण राहतो त्या भागातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही करता येतो. अपघात लांब झाला म्हणून तिकडं हेलपाटे नकोत. मात्र सहा महिन्यांच्या आत अर्ज करा.

कागद पहिल्या दिवसापासून एका पिशवीत ठेवा : एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, औषधांची प्रत्येक पावती. कमाईचा पुरावाही लागतो. डेअरीच्या पावत्या, मजुरीची नोंद, बँकेचं पासबुक जपा. आणि 'मी घरीच असते' म्हणून गप्प बसू नका. घरकामाचीही किंमत धरावी, असं सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये सांगितलं आहे.

लोकअदालतीत तडजोड झाली तर वेळ वाचतो, फीही लागत नाही. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून रक्कम नीट समजून घ्या, पटली तरच सही करा.

कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर सही नको. पासबुक, एटीएम कार्ड कुणाच्या हाती देऊ नका.

पुढच्या बैठकीत १५१०० हा नंबर गटाच्या वहीत पहिल्याच पानावर लिहून ठेवा. आणि गटातल्या कुणावर असा प्रसंग आला, तर तिला कोर्टात एकटीला पाठवू नका. दोघीजणी सोबत जा.