तंबोरा स्वतः लावा



मला विषय दिलाय ‘संगीत आणि वंचित मुलांचं भवितव्य’. पण देवास गेटच्या बसस्टँडवर उतरलो, ‘देवास, देवास’ अशी बसवाल्यांची हाक ऐकली आणि मन थेट या शाळेच्या मागच्या वर्गात गेलं. माझे वडील याच स्टँडवर हमाली करायचे. शाळा सुटली की त्यांची वाट बघत मी त्या वर्गाच्या पायरीवर बसून राही. आत गाण्याच्या बाई मुलींना यमन राग शिकवत. माझी फी कोण भरणार हे त्यांनी कधी विचारलं नाही. “आत ये, तंबोरा धर,” एवढंच म्हणाल्या.

तंबोऱ्याच्या चार तारा: पंचम, जोडाचे दोन षड्ज आणि खर्ज. खुंटी पिळून तार जवळपास आणायची, उरलेली कसर मण्यानं काढायची. मग घोडीवरचा, तारेखालचा सुताचा दोरा केसभर मागेपुढे सरकवत राहायचं. नुसती टणटणणारी तार एका जागी एकदम खुलते आणि खर्जातून गंधार ऐकू यायला लागतो, जो कुणी छेडलेलाच नसतो! तो ऐकू येईपर्यंत बाईंनी मला गाऊ दिलं नाही. यामागचं नादशास्त्र तुमचे सर सांगतील. माझं सांगणं एकच: तंबोरा स्वतः लावा. मोबाइलमधला तंबोरा बंद करा. ज्याच्या हातात घरी काहीच नसतं, त्या मुलाला आपल्या हातानं काहीतरी सुरात येतं हे कळणं फार मोठं असतं.

असाच एक मुलगा होता: कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांची दृष्टी लहानपणी फटाक्यानं अधू झाली. शाळा सुटली, आणि ते मिरजेला बाळकृष्णबुवांकडे गाणं शिकले. त्याच मुलानं 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गरिबांच्या मुलांना स्वतःजवळ ठेवून, जेवू घालून शिकवलं. पोरवयात मोलमजुरी केलेले ओंकारनाथ ठाकूर त्यांतलेच. आपल्याच प्रदेशात, मैहरला, अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी रोगाच्या साथीत पोरक्या झालेल्या मुलांचा वाद्यवृंद उभा केला. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांनी नलतरंग बनवला आणि तो या मुलांच्या हाती दिला. मैहर बँड म्हणतात तो हाच.

आणि देवासचे कुमार गंधर्व, आपले कुमारजी! 1948 मध्ये क्षयानं आजारी होऊन ते तिथे आले. गाणं बंद. अंथरुणावर पडल्यापडल्या बायकांची मालवी गाणी, दारावरच्या फिरत्या गायकांची निर्गुणी भजनं ऐकत राहिले. त्या धुनांतून पुढे मालवती, लगनगंधार असे त्यांचे धुनउगम राग आले. म्हणजे, ताई, तुम्ही तिसऱ्या रांगेत डोक्यावर पदर घेऊन बसलायत ना, तुमच्या घरात जे गाणं आहे त्याच्यापाशी कुमार गंधर्व शिकायला बसले होते. मुलगी गाण्याला बसली म्हणजे तिचा वेळ फुकट गेला, असं घरात कुणाला म्हणू देऊ नका. तिला स्पर्धेची घाई करू नका. दोन वर्षं नुसता षड्ज लावू दे. पण तंबोरा तिचा तिनं लावायचा.

सरांनी घड्याळ दाखवलं, आवरतो. पहिल्या रांगेतल्या पदाधिकाऱ्यांना एक विनंती. मघाशी मी मागच्या वर्गात डोकावलो. बाईंचे दोन्ही तंबोरे गवसणी घालून कपाटावर ठेवलेत. ते उतरवा. एकाचा भोपळा तडकलाय, तो मिरजेच्या कारागिराकडे पाठवा, खर्च माझा. दुसरा उद्याच मुलांच्या हातात द्या. तुटली तर तार तुटेल, नवी चढवता येते. आणि स्टँडवर आईबरोबर भाजीच्या गाडीशी थांबणारी मुलं संध्याकाळी पाचला येऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी वर्ग सकाळी सातला ठेवता येईल का, हे आज पांगण्याआधी ठरवा. सकाळी शिकवायला मी येईन.