पाठीशी टिकून राहणारे माणूस



ज्या बडोद्यात आपण आज जमलो आहोत, तेथील श्रीमंत सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि 1906 मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू केला. मुलाला शाळेच्या दारापर्यंत आणण्याचे सामर्थ्य कायद्यात आहे. परंतु आत आलेले मूल मनाने वर्गात बसते की नाही, हे तेथील माणसांवर अवलंबून असते. जवळच्या माणसाचा मृत्यू, घरातील मारहाण किंवा वारंवार बदलणारा आसरा यांमुळे ज्यांचा मोठ्या माणसांवरचा विश्वासच उडाला आहे, अशा मुलांविषयी मी आज बोलणार आहे.

मूल आणि त्याला सांभाळणारी व्यक्ती यांच्यातील भावबंधाचा सिद्धांत ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मांडला. मेरी एन्सवर्थ यांनी युगांडा व बाल्टिमोर येथील निरीक्षणांनी त्याला आधार दिला. हा बंध असुरक्षित राहिला की एखादे मूल बाईंचा पदर सोडत नाही, तर दुसरे कोणालाच जवळ येऊ देत नाही. आपण पहिल्याला लाडावलेले म्हणतो आणि दुसऱ्याला उद्धट. वस्तुतः दोघांचीही भीती एकच असते.

या संदर्भात लंडनमधील एक अनुभव मला फार मोलाचा वाटतो. दुसऱ्या महायुद्धात अ‍ॅना फ्रॉईड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी हॅम्पस्टेड येथे घरापासून दुरावलेल्या मुलांसाठी बालगृहे चालविली. तेथे अन्न होते, स्वच्छता होती, प्रेमळ सेविकाही होत्या. परंतु सर्व सेविका सर्व मुलांच्या होत्या. पुढे मुलांचे लहान लहान गट करून प्रत्येक गटाला एक ठराविक सेविका देण्यात आली. मुले लगेच शांत झाली काय? नाही. ती हट्टी झाली, मत्सर करू लागली, आपली सेविका क्षणभर दूर गेली तरी आकांत करू लागली. काही काळाने मात्र हा उद्रेक ओसरला आणि मुलांची वाढ अधिक वेगाने होऊ लागली.

आपल्या वर्गांसाठी यातील बोध स्पष्ट आहे. दुखावलेल्या मुलाला आपण माया दिली की ते पुष्कळदा आधी अधिक त्रास देते. ‘तुम्हीही मला सोडून जाणार का?’ हा त्याचा प्रश्न असतो. तो शब्दांत विचारता येत नाही म्हणून ते वह्या फाडते, शिव्या देते. नेमक्या याच वेळी आपण म्हणतो, ‘एवढे केले, पण उपयोग नाही,’ आणि त्याला वर्गाबाहेर उभे करतो. त्याला हवे असलेले उत्तर आपण अगदी उलटे देतो.

म्हणून माझ्या सूचना साध्या आहेत. अशा प्रत्येक मुलासाठी एक शिक्षक ठरवावा आणि तो वर्षभर बदलू नये. त्याने रोज सकाळी मुलाला नावाने हाक मारावी. रजेवर जायचे असल्यास आदल्या दिवशी सांगावे. चुकीबद्दल जरूर बोलावे, पण चारचौघांत नव्हे. ‘माझी आई’ हा निबंध देताना वर्गात आई नसलेले मूल असू शकते, याचे भान ठेवावे. अत्याचाराची गोष्ट मुलाने सांगितली, तर ती गुप्त ठेवण्याचे वचन देऊ नये. लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळविणे 2012 च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. जखम खोल असेल तेथे तज्ज्ञांची मदत घ्यावी. आणि हा भार एकट्या शिक्षकावर टाकू नये. त्याचेही ऐकून घेणारे मुख्याध्यापक हवेत.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांस बंदी केली. छडी खाली ठेवायला कायदा सांगू शकतो. रिकामा झालेला तो हात मुलाच्या पाठीवर ठेवणे, आणि त्याने झिडकारला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवणे, हे शिक्षकानेच करावयाचे असते. ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे याहून उचित स्मारक मला सुचत नाही.